दम्याची गोळी, काढा आणि अँटिबायोटिक: बाबांचं काय झालं ते सांगते, तुमचे अनुभव हवेत

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. आठवडाभर लिहीन लिहीन म्हणत होते. बाबा परवा घरी आले, आज जरा डोकं शांत आहे, म्हणून बसले.

बाबा ७१ वर्षांचे. आईबाबा धनकवडीला, मी कोथरूडला. बाबांना वीसेक वर्षांपासून दमा आहे. दोन वेळा इनहेलर आणि रात्री थिओफिलिनची ४०० मिलिग्रॅमची, पोटात हळूहळू सुटणारी गोळी. ही गोळी नऊ वर्षं चालू आहे. तिचा कधी काही त्रास नाही, त्यामुळे घरात तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

दिवाळीपासून तीन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. माझ्या मुलाने आजोबांकडून शब्द घेतला आणि बाबांनी सिगरेट सोडली. दिवसाला आठ-दहा व्हायच्या, त्या एकदम शून्यावर. आम्ही सगळे इतके खूश झालो की भाऊबीजेला त्यांनाच ओवाळलं. मग थंडी पडली तशी आईने काढा सुरू केला. सुंठ, मिरी, पिंपळी, तुळस, ज्येष्ठमध, सकाळ-संध्याकाळ मोठा कप. पिंपळी खास रविवार पेठेतून काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली. आणि महिनाअखेरीला लघवीला जळजळ व्हायला लागली म्हणून बाबा स्वतःच चालत जवळच्या मेडिकलमध्ये गेले आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक घेऊन आले. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितलीही नाही.

सिप्रोच्या चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "अगं, यांना बशी धरता येत नाहीये." मी पोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसलेले, पायजम्यावर चहा सांडलेला. बशी कपावर खडखड वाजत होती. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. रात्रभर डोळा लागला नव्हता, पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती. आई म्हणाली पित्त झालंय, मोरावळा दिलाय. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९५, नाडी १३४. दम लागतच नव्हता, म्हणून मलाही दम्याची शंका आली नाही. वाटलं, हृदयाचं काहीतरी आहे.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने ईसीजी काढता काढता दोन प्रश्न विचारले. गेल्या महिन्यात नवीन काय सुरू केलंत? आणि बंद काय केलंत? दुसरा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला. आई म्हणाली, "बंद काही नाही, फक्त सिगरेट." ती डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. मग आईने काढ्याचं सांगितलं, बाबांनी खिशातून सिप्रोची पट्टी काढली.

रक्तातली थिओफिलिनची पातळी आली २८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारण १० ते २० ही जुनी मर्यादा, हल्ली बरेच डॉक्टर ५ ते १५ मध्येच ठेवतात, असं तिने सांगितलं. गोळी एकदाही चुकून जास्त गेलेली नव्हती. नऊ वर्षं घेतात तीच, तेवढीच. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढले.

मला सगळ्यात लागलं ते हे की आमच्यातल्या कुणीच चूक म्हणून काही केलं नव्हतं. सिगरेट सोडणं चांगलंच, आईचा काढा तिच्या मायेचा, आणि जंतुसंसर्गावर औषध तर घ्यायलाच हवं. तीन चांगल्या गोष्टी एकाच गोळीवर येऊन आदळल्या.

ज्यांच्या घरात दम्याची गोळी आहे त्यांनी अनुभव लिहा. आणि जाणकारांनो, हे नेमकं कसं होतं ते आम्हाला समजेल असं सांगा. तिथे सांगितलं तेव्हा मी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

गोळ्यांचा_हिशोब

ताई, बाबा सुखरूप आले हे वाचून बरं वाटलं. मी सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, सदाशिव पेठेत. चिठ्ठीशिवाय सिप्रो द्यायला नको होतं, ही चूक आमच्या धंद्याची आहे. ती मान्य करून पुढचं लिहितो.

थिओफिलिन हा कॅफिनचा चुलतभाऊ. १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने चहाच्या पानांतून तो वेगळा काढला. आपल्याकडे तो वेगवेगळ्या रूपांत मिळतो. एटोफायलिनबरोबर जोडून येणारी डेरिफायलिन तर जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. काही गोळ्यांत तो साल्बुटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर असतो. त्यामुळे "मी थिओफिलिन घेत नाही" असं सांगणाऱ्या अर्ध्या लोकांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत तो निघतोच. पट्टी उलटी करून वाचा.

श्वासनळ्या मोकळ्या करायचं काम तो नीट करतो. अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. पॅरासिटामॉलची पातळी थोडी इकडेतिकडे झाली तर पत्ताही लागत नाही. इथे दीडपट झाली की हात थरथरतात, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. आणखी चढली तर हृदयाचा ठेका चुकतो, झटके येतात. कधी कधी उलटीमळमळ काही न होता एकदम झटकाच येतो, म्हणून "आधी त्रास होईल, मग बघू" हा हिशोब या गोळीला लावू नये.

आता बाबांचं. यकृतात एक विकर (एन्झाइम) आहे, सीवायपी१ए२ नाव. थिओफिलिनचा निचरा मुख्यतः तेच करतं. न्हाणीघराच्या मोरीसारखं समजा. सिगरेटच्या धुराने ही मोरी मोठी होते, म्हणून सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगातून थिओफिलिन भराभर वाहून जातं. साध्या माणसात पातळी निम्मी व्हायला आठेक तास लागतात, ओढणाऱ्यात चार-पाच. बाबांची ४०० ची मात्रा नऊ वर्षांपूर्वी ठरली ती सिगरेट चालू असताना. सिगरेट सुटली की मोरी आठवड्याभरातच लहान व्हायला लागते, पण पाणी तेवढंच पडत राहतं. म्हणून सिगरेट सोडताना डॉक्टर या गोळीची मात्रा बरेचदा पाव ते एक तृतीयांश कमी करतात. त्यावर सिप्रो, म्हणजे त्याच मोरीवर टाकलेलं फडकं. सिप्रोच्या माहितीपत्रकात थिओफिलिनबद्दल ठळक इशारा असतो, पण तो कागद वाचतो कोण?

निचरा अडवणारी आणखी: एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, पित्तावरचं जुनं सिमेटिडिन, रक्तदाबाचं व्हेरापॅमिल, गर्भनिरोधक गोळ्या, आणि मनाच्या आजारावरचं फ्लुव्हॉक्सामिन, जे फारच जोरात अडवतं. दोन-दोन दिवस चढलेला मोठा ताप, यकृताचा आजार, दमलेलं हृदय यांनीही निचरा मंदावतो.

उलटं करणारी म्हणजे क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरचं फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन. परदेशातून लोक उदासीसाठी सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या आणतात, तीही याच यादीत. यांनी पातळी उतरते आणि दमा उसळतो. मग मात्रा वाढवली जाते, आणि सहा महिन्यांनी क्षयाचं औषध संपलं की ती वाढलेली मात्रा तशीच राहून जाते. माझ्या गिऱ्हाइकांत हे दोनदा पाहिलंय.

दिलाशाची गोष्ट ही की प्रत्येक अँटिबायोटिक असं वागत नाही. अझिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन या बाबतीत बरीच सौम्य आहेत. डॉक्टरांना ठाऊक असलं तर ते पर्याय काढतात. ठाऊक असलं तर.

नारायणपेठ_जुनी

सहानुभूती आहे, पण काढ्याला उगाच मध्ये ओढू नका. आमच्या आजीने आयुष्यभर सुंठ-मिरी-पिंपळीवर खोकला काढला. सिप्रोने झालं, सिगरेट सोडल्याने झालं, एवढं पुरेसं आहे. घरच्या गोष्टींची भीती घातली की लोक उठसूट गोळ्याच खातात.

वैद्य_पर्वती

नारायणपेठ, तुमची काळजी समजते. मी स्वतः काढे लिहून देणारा वैद्य आहे. तरी इथे काढ्याला बाजूला ठेवता येणार नाही, आणि याचं कारण आपल्याच शास्त्रात आहे. पिंपळीला आयुर्वेद योगवाही म्हणतो, म्हणजे जिच्यासोबत जाईल त्याचा गुण वाढवणारी. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन द्रव्यं अति आणि सतत वापरू नका म्हणून सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. आपल्या आजीच्या काळात पिंपळी योगवाही होती तशी आजही आहे. फरक एवढाच की आजीच्या पोटात सोबतीला थिओफिलिन नव्हतं.

आधुनिक चाचणीही आहे. मिरी आणि पिंपळीतलं तिखट द्रव्य म्हणजे पायपरिन. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना रोज २० मिलिग्रॅम पायपरिन सात दिवस दिलं आणि मग थिओफिलिन दिलं, तर रक्तातली पातळी वाढलेली आणि जास्त वेळ टिकलेली दिसली. रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलचंही तसंच झालं. याच गुणाचा उपयोग करून आपल्याकडे क्षयरोगाचं एक औषध निघालं, त्यात पायपरिन घातल्यामुळे ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन पुरतं. म्हणजे हे द्रव्य दुबळं नाही.

आता २० मिलिग्रॅम म्हणजे किती, ते हाताशी धरून बघू. चांगल्या मिरीत साधारण पाच टक्के पायपरिन धरलं तर अर्धा ग्रॅम मिरीत ते पंचवीस मिलिग्रॅम होतं. अर्धा ग्रॅम म्हणजे दहा-बारा दाणे. वरणावर किंवा पोह्यांवर भुरभुरवलेल्या मिरीचा विचार करू नका, ती खुशाल खा. पण ताईंच्या आईंनी दोन मोठे कप काढा केला, त्यात मिरीही आणि पिंपळीही. पाण्यात सगळं पायपरिन उतरत नाही हे खरं, तरी रोज दोन वेळा, दोन-तीन आठवडे, ही मात्रा औषधाचीच.

सितोपलादीचंही सांगतो, कारण पुण्यात ते घरोघर आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१. तीन ग्रॅम चूर्णात पिंपळी जवळजवळ ०.४ ग्रॅम येते. दिवसातून तीनदा घेतलं तर सव्वा ग्रॅमच्या आसपास. वासावलेहात पिंपळी आहे, च्यवनप्राशात आहे. अडुळशाचं म्हणून जे सिरप आणता त्याचीही बाटली फिरवून बघा, त्यातही पिंपळी असू शकते. मी यातलं काहीच वाईट म्हणत नाही, मी ते लिहून देतो. पण माझ्याकडे दम्याचा रुग्ण आला की मी आधी त्याची गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावतो. थिओफिलिन दिसलं की पिंपळीचा कल्प देत नाही, किंवा त्याच्या छातीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच देतो.

दोन गोष्टी आणखी. सोमलता हे इफेड्राचं आपलं नाव. दम्यावर ती पूर्वापार वापरतात, कारण तिच्यात इफेड्रिन आहे. थिओफिलिनबरोबर ती घेतली की धडधड, बेचैनी, मळमळ, जागरण सगळं दुप्पट. दुसरं ज्येष्ठमध. घसा बसल्यावर काडी चघळली तर काही होत नाही, पण रोज काढ्यातून महिनोन्महिने घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. साल्बुटामॉल, थिओफिलिन, स्टिरॉइडच्या गोळ्या, सूज उतरवण्याच्या लघवीच्या गोळ्या, हे सगळेही पोटॅशियम उतरवतात. आणि पोटॅशियम उतरलेल्या हृदयावर थिओफिलिन चढलं तर ठेका चुकायला वेळ लागत नाही. ताई, बाबांचं पोटॅशियम किती होतं?

मुठाकाठ

वैद्यबुवा, आत्ताच फाइल काढून बघितली. ३.१. सलाइनमधून दिलं होतं हे आठवतंय, कशासाठी ते आज कळलं. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं, काढा म्हणजे औषध का?" तिला दोष लागू नये म्हणून मी हे मुद्दाम लिहितेय. बाबांचा हात तीच धरून बसली होती दोन दिवस.

नारायणपेठ_जुनी

वैद्यबुवा, चरकातला तो उल्लेख मला माहीत नव्हता. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. सासऱ्यांना सितोपलादी आणि डेरिफायलिन दोन्ही चालू आहे. उद्याच त्यांच्या डॉक्टरांकडे नेतो.

गोळ्यांचा_हिशोब

नेताना घाबरून गोळी परस्पर बंद मात्र करू नका, दमा उसळेल. आणि हळूहळू सुटणारी गोळी असेल तर कुटून किंवा चावून देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. वयस्कर माणसाला गिळता येत नाही म्हणून घरात प्रेमाने कुटून देतात, ते मी पाहिलंय.

सिंहगडरोड_धूळ

आमचा अनुभव वेगळ्या औषधाचा आहे, पण इथेच लिहिते. आईला दमा, फक्त इनहेलर. काचबिंदू निघाला म्हणून डोळ्यांत टाकायला टिमोलॉलचे थेंब मिळाले. तीन दिवसांत छातीत शिटी वाजायला लागली. आम्ही रस्त्याच्या कामाची धूळ, शेजारचं रंगकाम, उशीतला कापूस, सगळ्यांना दोष दिला. इनहेलर घेऊनही फरक नाही. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांत काही टाकता का? थेंब बदलले आणि आई दोन दिवसांत मोकळी झाली. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अर्जावर "इतर आजार" असा रकाना होता. आईने तिथे "बीपी" लिहिलं होतं. दम्याचा आणि डोळ्यांचा संबंध तिला काय माहीत.

गोळ्यांचा_हिशोब

फार महत्त्वाचं लिहिलंत. टिमोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर मंडळी. साल्बुटामॉल श्वासनळीचं जे कुलूप उघडतं त्याच कुलपात ही जाऊन बसतात. थेंब डोळ्यांत टाकला तरी नाकाच्या वाटेने रक्तात जातोच. प्रोप्रॅनोलॉल तर अर्धशिशीला, हात कापण्याला, स्टेजच्या भीतीलाही देतात, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं मैत्रिणीची गोळी मागून घेतात. दमा असेल तर हे जिवावर बेतू शकतं. वेदनाशामकांचंही तसंच. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने जोराचा झटका येतो. अशांना पॅरासिटामॉल साधारणपणे चालतं.

हिंजवडी_पाळी२

मी ३० वर्षांचा, फक्त ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा इनहेलर. गोळी नाही. म्हणजे मला या सगळ्याची काळजी नाही ना? सध्या जांघेत गजकर्ण झालंय, त्यासाठी इट्राकोनॅझोल चालू आहे, दोन महिने घ्यायचंय.

गोळ्यांचा_हिशोब

काढ्याची काळजी तुम्हाला फारशी नाही. इनहेलरमधून औषधाची मात्रा गोळीपेक्षा फार थोडी जाते. पण तुम्ही जे सहज लिहिलंत त्यावरच थांबा. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड आहे, आणि त्याचा निचरा करणारं विकर इट्राकोनॅझोल अडवतं. दोन्ही महिनोन्महिने चाललं तर इनहेलरमधलं थोडंसं स्टिरॉइडही अंगात साठत जातं. चेहरा गोल होतो, वजन वाढतं, साखर चढते, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावतं. इनहेलरमधल्या फ्लुटिकासोन या दुसऱ्या स्टिरॉइडचंही तसंच. गजकर्ण हल्ली इतकं पसरलंय आणि इट्राकोनॅझोल इतकं लिहिलं जातंय की ही जोडी रोज काउंटरवर दिसते. त्वचेच्या डॉक्टरांना इनहेलरचं सांगितलंत का?

हिंजवडी_पाळी२

नाही. त्यांनी विचारलं होतं "काही औषध चालू आहे का", मी नाही म्हणालो. इनहेलर डोक्यातच आला नाही. आत्ता त्यांच्या दवाखान्यात निरोप ठेवला.

कात्रज_पहाट

पुड्यांबद्दल लिहा कुणीतरी. आमच्या गावाकडे आणि इथेही "दम्यावरची पुडी" मिळते, कागदावर नाव नाही, गाव नाही. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध देतात तिथेही आत काय आहे ते सांगत नाहीत. माझ्या मामींनी आठ महिने पुडी घेतली. दमा जादूसारखा गेला, भूक वाढली, चेहरा भरला. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. पुड्या संपल्यावर पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडल्या, बीपी मिळेना.

वैद्य_पर्वती

तो भरलेला चेहराच खूण आहे. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातल्याचं वारंवार सापडलंय. खरा वैद्य घटक लिहून देतो. ज्या औषधाचे घटक देणारा सांगत नाही ते दम्याच्या माणसाने घेऊ नये, खिरीतूनही नाही. आणि महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते स्टिरॉइड धरूनच उतरवत आणतील.

कुठल्याही औषधाचा असा त्रास झाला तर तो नोंदवता येतो. भारतीय औषध सुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. ताई, बाबांचं जरूर कळवा.

मुठाकाठ

कळवते. आज बाबांना दाखवायला नेलं होतं. थिओफिलिन सध्या बंदच ठेवलंय. इनहेलरची पद्धत तपासली तर इतकी वर्षं ते दाबायचे आधी आणि ओढायचे नंतर, अर्धं औषध जिभेवरच. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, दिलाय. गोळी कदाचित लागणारही नाही म्हणाले. आईने काढा ठेवलाय, पण तुळस, गवती चहा आणि आल्याचा बारीक तुकडा एवढाच, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

एक शंका मात्र राहिली. सिगरेट सुटली तशी बाबांना तलफ येते. शेजारचे काका म्हणाले, मिश्री लाव, धूर नको असेल तर. बाबांनी मला विचारलं, "मग ती मोरी पुन्हा मोठी होईल ना?" त्यांना वाटतंय की तंबाखू परत घेतली की गोळी पहिल्यासारखी मानवेल.

गोळ्यांचा_हिशोब

बाबांना सांगा, ती मोरी तंबाखूतल्या निकोटिनने मोठी होत नव्हती, धुरातल्या काजळीतल्या द्रव्यांनी होत होती. मिश्रीत धूर नाही, म्हणून मिश्रीने तो फायदा शून्य आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पुरेपूर. तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच डॉक्टरांना विचारून घ्या, त्यानेही थिओफिलिनचा निचरा फारसा बदलत नाही. आणि गोळी पुन्हा कधी सुरू झालीच, तर मात्रा आता सिगरेट न ओढणाऱ्या माणसाची ठरवा असं मुद्दाम सांगा. जुनी चिठ्ठी दाखवून ४०० आणू नका.

मुठाकाठ

वाचून दाखवलं. मिश्रीची डबी काकांना परत केली. जुनी चिठ्ठी बाबांनी पाकिटातून काढून माझ्या हातात दिली, घडीवर फाटायला आली होती.